शड्डू आणि भुवई

कोल्हापुरात राजारामपुरीत माझा इंग्रजीचा क्लास आहे. स्पर्धा परीक्षा देणारी पोरं येतात, बँकेची तयारी करणाऱ्या पोरी येतात. दर शनिवारी मी फळ्यावर पाच अवघड शब्द लिहितो आणि सोमवारी प्रत्येकाने त्यांची वाक्यं करून आणायची असतात. मागच्या महिन्यात त्या पाचांत एक होता ‘सूपरसिलिअस’. सोमवारी एक पोरगा वही घेऊन पुढे आला. तालमीतला गडी, दोन्ही कान मोडलेले. त्याने इंग्रजीत लिहिलेल्या वाक्याचा अर्थ असा होता: पैलवान आखाड्यात उतरला, त्याने शड्डू ठोकला, तो फार सूपरसिलिअस होता.

मी फुली मारली.

“ओ सर, फुली कशाला? डिक्शनरीत गर्विष्ठ म्हणून लिवलंय की.”

“लिहिलंय ना. तरी वाक्य चुकलंय.”

“मग आता डिक्शनरी चुकली म्हणायची का?”

वर्ग हसला, पण पोराचा मुद्दा खोटा नव्हता. डिक्शनरी चुकलेली नसते, ती घाईत असते. एका शब्दासमोर एक शब्द ठेवून पुढच्या पानाकडे पळते. इंग्रजीत गर्विष्ठपणासाठी डझनभर तरी विशेषणं आहेत आणि आपल्या इंग्रजी-मराठी कोशांत त्यातल्या निम्म्यांसमोर ‘गर्विष्ठ, उद्धट, मग्रूर’ हेच तिघे आलटून पालटून उभे असतात. म्हणून त्या दिवशी इतर चार शब्द बाजूला ठेवले आणि तास याच एका शब्दावर घालवला. जे तिथे सांगितलं ते इथे जरा सवडीने लिहितो.

आधी उच्चार. ‘सू-पर-सि-लि-अस’, आणि जोर ‘सि’वर. ‘सूपर’ आणि ‘सिली’ दिसतात म्हणून ‘महामूर्ख’ असा अर्थ लावणारे दरवर्षी दोघे-तिघे भेटतात. अंधश्रद्धाळू माणसाला इंग्रजीत ‘सूपरस्टिशस’ म्हणतात, त्याच्याशीही गल्लत होते. दोन्हींशी याच्या अर्थाचा संबंध नाही. या शब्दाच्या पोटात एक भुवई आहे.

लॅटिनमध्ये ‘सिलिअम’ म्हणजे पापणी आणि ‘सुपर’ म्हणजे वर. पापणीच्या वर काय असतं? भुवई. तिला रोमन लोक ‘सुपरसिलिअम’ म्हणत. त्यांच्या भाषेतच हा शब्द दुहेरी झाला होता: एक अर्थ साधी भुवई, दुसरा अर्थ तोरा. एक भुवई वर नेऊन, पापण्या अर्ध्या मिटून समोरच्याकडे बघण्याची जी तऱ्हा असते, तिलाच त्यांनी गर्वाचं नाव करून टाकलं. ग्रीकांनीही तेच केलं. त्यांच्याकडे भुवईला ‘ओफ्रूस’ म्हणत आणि त्या शब्दालाही तोऱ्याचा अर्थ होता. इंग्रजीने सोळाव्या शतकात लॅटिनकडून विशेषण घेतलं आणि भुवई आत दडून राहिली.

बारावीला जीवशास्त्र असलेल्यांना ‘सिलिया’ आठवत असतील, पेशींवरचे केसासारखे बारीक धागे. तोच हा ‘सिलिअम’. आमच्या शेजारचा मुलगा डॉक्टरकी शिकतो. कपाळाला आठ्या घालताना दोन्ही भुवया एकमेकींकडे ओढणाऱ्या स्नायूचं नाव त्याने एकदा मला म्हणून दाखवलं होतं, ‘कॉरुगेटर सुपरसिलिआय’. यातला ‘कॉरुगेटर’ म्हणजे सुरकुत्या पाडणारा. गोठ्यावर घालतो त्या पन्हाळी पत्र्याला इंग्रजीत ‘कॉरुगेटेड’ म्हणतात ते याच धातूवरून. (पन्हाळी पत्र्यावर पन्हाळगडाचा हक्क आहे असं आमच्याकडे काही जणांना मनापासून वाटतं. तो शब्द पन्हळीवरून आला.)

आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. संस्कृतातला ‘भ्रू’, ग्रीकांचा ‘ओफ्रूस’ आणि इंग्रजीतला ‘ब्राउ’ हे एकाच मुळाचे तीन फाटे आहेत. म्हणजे भुवईच्या बाबतीत आपण आणि इंग्रज जुने भाऊबंद. पण एकाच घरातले भाऊ वेगवेगळ्या धंद्याला लागावेत तशी गोष्ट झाली आहे. मराठीत भुवई गर्वाचं काम करत नाही. ‘भ्रुकुटी चढवली’ म्हटलं की राग येतो. ‘अनेकांच्या भुवया उंचावल्या’ म्हटलं की आश्चर्य किंवा नापसंती. आणि हे वाक्य वर्तमानपत्रांनी इतकं वापरलंय की आता ते वाचून कुणाचीच भुवई हलत नाही. मराठीत तुच्छतेचं खातं नाकाकडे आहे. नाक मुरडायचं, नाक वर करून चालायचं. उरलेला गर्व मानेकडे, तिचा तो ताठा. म्हणून ‘सूपरसिलिअस’ शिकताना मराठी माणसाला पहिल्यांदा एवढंच करायचं असतं की आपली नजर नाकावरून दोन बोटं वर न्यायची.

आता पैलवानाकडे येऊ. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं आपलं खासबाग मैदान डोळ्यांसमोर आणा. १९१२ सालचं बांधकाम, मध्ये आखाडा आणि भोवती चढत जाणारी बैठक. मल्ल उतरतो, मांडीवर शड्डू मारतो, त्याचा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत जातो. यात रग आहे, खुन्नस आहे, स्वतःवरचा भरवसा आहे. पण शड्डू हे बोलावणं असतं. ‘ये, बघू या’ असं त्यात म्हटलेलं असतं. समोरचा आपल्या तोडीचा आहे किंवा असू शकतो, हे शड्डू ठोकणाऱ्याने मान्यच केलेलं असतं. त्याशिवाय कोण कशाला मांडी लाल करून घेईल?

सूपरसिलिअस माणूस शड्डू ठोकत नाही. तो समोरच्याशी लढायलाच तयार नसतो, कारण ‘याच्याशी काय लढायचं’ हे त्याचं आधीच ठरलेलं असतं. तो आवाज चढवत नाही, छाती फुगवत नाही, स्वतःचं कौतुकही सांगत नाही. एखादं अर्धवट हसू, एक थंड नजर, हललीच तर भुवई, आणि झालं. खासबागेतले हजारो लोक आखाड्याकडे वरूनच बघत असतात, पण त्यातली एकही नजर सूपरसिलिअस नसते. बघणारा किती उंचावर बसलाय याला या शब्दात किंमत नाही. समोरच्याला तो किती खाली बसवतोय, ते महत्त्वाचं.

“म्हंजे सर, ज्याला माज दाखवायचीबी गरज वाटत नाही, तो,” पोरगा म्हणाला. अगदी तोच.

मला या शब्दाचा अर्थ पुस्तकातून कळला होता, पण तो समजला पुण्यात. आठ-दहा वर्षं झाली असतील. एका नातेवाइकाच्या लग्नासाठी कोट घ्यायचा म्हणून एका चकचकीत दुकानात शिरलो. पायात कापशी, म्हणजे कोल्हापुरी चप्पल होती, नवी, कर्रकर्र वाजणारी. त्या गुळगुळीत फरशीवर तिचा आवाज जरा जास्तच झाला. काउंटरवरच्या तरुणाने मान वर केली. नजर आधी माझ्या पायांवर गेली, तिथून सावकाश वर आली आणि उजवी भुवई अगदी गव्हाच्या दाण्याएवढी सरकली. मी एका कोटाला हात लावला होता. तो अत्यंत गोड आवाजात म्हणाला, “सर, यापेक्षा कमी रेंजमधलंपण आहे आपल्याकडे. वरच्या मजल्यावर.”

आता यात तक्रार कशाची करणार? ‘सर’ म्हणाला, हसून बोलला, माहितीही दिली. हे संभाषण कागदावर उतरवलं तर त्याच्या नम्रतेला बक्षीस मिळेल. अपमान सगळा त्या दाण्याएवढ्या हालचालीत होता. इंग्रजीत अशा माणसाला ‘अ सूपरसिलिअस सेल्समन’ म्हणतात आणि त्या भुवईला सोडून दुसरं एक अक्षरही त्या शब्दात नाही. (कोट मी तोच घेतला. परवडणारा नव्हता. लग्नात घामाघूम झालो ते वेगळंच.)

त्या प्रसंगात दिशा कशी आहे बघा. डोळे पायांकडून वर आले, पण तुच्छता वरून खाली येते. डिक्शनरीत न सापडणारी खूण हीच. विद्यार्थी शिक्षकाला उलटून बोलला, शिपायाने साहेबाला झाडलं, सुनेने सासूला फटकारलं, तर त्याला आपण उद्धट म्हणतो. तिथे बोलणं खालून वर जातं, निदान समाजाच्या उतरंडीत तरी. त्याला इंग्रजीत ‘इन्सोलंट’ किंवा ‘इम्पर्टिनंट’ हे शब्द आहेत. सूपरसिलिअस व्हायला आधी आपण वरच्या पायरीवर आहोत अशी समजूत लागते. ती समजूत खरी असण्याची गरज नाही. काउंटरवरचा तो पोरगा काही टाटा-बिर्ला नव्हता.

गोतावळ्यातले बाकीचे शब्द आता ओळखायला सोपे जातील. ‘अ‍ॅरोगंट’च्या मुळाशी लॅटिनमधलं ‘मागणं’ आहे: जे आपलं नाही त्यावर हक्क सांगणारा. म्हणून अ‍ॅरोगंट माणूस बोलतो, मागतो, रेटतो, दुसऱ्याचं ऐकून घेत नाही. सगळ्यात ढोबळ आणि सगळ्यात वापरातला शब्द हाच आहे. पैलवानाच्या वाक्यात कुणाला काही बसवायचंच असेल तर हा चालेल, तोही पैलवान तसा असला तरच. ‘हॉटी’ फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ ‘उंच’. जुन्या सरंजामी घराण्यातली, कुळाच्या उंचीवर उभी असलेली ऐट त्यात आहे. वाड्यातल्या आत्याबाई हॉटी असतात. ‘स्नूटी’मध्ये ‘स्नाउट’ आहे, म्हणजे डुकराचं लांब नाक. हा एक शब्द आपल्या नाक मुरडण्याच्या अगदी जवळचा. ‘पॉम्पस’ म्हणजे बडेजावाचा, भाषणबाज. तो तर चार गल्ल्यांवरून ऐकू येतो, त्यामुळे भुवईवाल्याशी त्याची गाठ पडायचं कारण नाही.

‘कंडिसेंडिंग’वर मात्र थांबायला हवं, कारण परीक्षेत पर्यायांमध्ये तो हमखास शेजारी बसवतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘खाली उतरून येणारा’. अठराव्या शतकात ही स्तुती होती: एवढा मोठा माणूस, पण उतरून आमच्याशी बोलला! पुढे लोकांच्या लक्षात आलं की उतरून येणारा आपण किती उंचावरून उतरलो हे दाखवत असतो, आणि शब्द आंबला. कंडिसेंडिंग माणूस तुम्हाला मदत करतो, समजावून सांगतो, पाठ थोपटतो आणि ते करताना तुम्हाला लहान पोर करून टाकतो. सूपरसिलिअस माणूस तेवढेही कष्ट घेत नाही.

आणि ‘स्नॉब’. हा कोल्हापूरकरांनी तरी पाठ करावा. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत स्नॉब म्हणजे चांभार, जोडे शिवणारा किंवा त्याच्या हाताखालचा पोरगा. केंब्रिजच्या विद्यापीठातले विद्यार्थी मग गावातल्या साध्या माणसांना हेटाळणीने स्नॉब म्हणू लागले. तिथून तो ‘खालच्या थरातला’ असा झाला, मग ‘वरच्यांची नक्कल करणारा’ असा, आणि एकोणिसाव्या शतकात घसरत घसरत एकदम उलट्या टोकाला पोचला: आता स्नॉब म्हणजे स्वतःला उच्चभ्रू समजून खालच्यांना हिणवणारा. म्हणजे ज्याच्याकडे भुवई उंचावून बघायचे त्याचं नाव भुवई उंचावणाऱ्याला चिकटलं. मला यात न्याय झाल्यासारखा वाटतो. ‘उच्चकुलीन नसलेला’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांचं हे लघुरूप आहे, अशी एक कथा मोबाईलवर फिरत असते. ती खरी नाही, कृपा करून पुढे पाठवू नका.

आमच्या चप्पल लाइनमधून, म्हणजे कोल्हापुरी चपलांच्या बाजारातून जाताना हा शब्द मला दरवेळी आठवतो. त्या दिवशी वर्गातल्या एका पोरीने विचारलं, “सर, मग ते मिलानवाले सूपरसिलिअस म्हणायचे का?” तिचा रोख कळायला वेळ लागला नाही. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं मिळून. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. मी तिला म्हणालो, तुला राग आलाय तो बरोबर आहे, पण शब्द हा नाही. भुवई उंचावायला आधी समोरचा दिसावा लागतो. तिथे कारागीर दिसलाच नव्हता. तिला ते फारसं पटलं नाही. वाद अजून चालू आहे, आणि तिची बाजूही अगदी कच्ची नाही.

मग मराठीत म्हणायचं काय? ‘गर्विष्ठ’ फार रुंद आहे. ‘मग्रूर’ अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ ‘फसलेला, भुललेला’. आपल्याकडे तो अंगावर धावून येतो. ‘माज’ आणि ‘मस्ती’ तर पुऱ्या गल्लीला दिसतात. ‘भाव खाणे’ थोडं जवळचं वाटतं, पण भाव खाणाऱ्याला आपली मनधरणी हवी असते, तो तिरक्या डोळ्याने तुमची वाट बघत असतो. ‘स्वर्ग दोन बोटे उरला’ हा वाक्प्रचार मला फार आवडतो, पण त्यात माणूस स्वतःवरच खूश असतो, समोरच्याकडे त्याचं लक्ष नसतं.

माझं मत ‘शिष्ट’ला. या शब्दाची चाल बघा. संस्कृतात शिष्ट म्हणजे शिकलेला, शिस्तीतला, सभ्य. शिष्टाचार आणि शिष्टमंडळ यांत तो अजून सरळ बसतो. पण बोलताना कुणी म्हणालं, “त्यांची धाकटी सून जरा शिष्टच आहे,” तर कोण तिच्या सभ्यतेचं कौतुक समजेल? ती कमी बोलते, हळदी-कुंकवाला येते पण वाटीतलं चमचाभरच खाते, तुमच्या घरातल्या पडद्यांवरून एकदा नजर फिरवते. काही वावगं करत नाही. पण बाया घरी जाताना पायरीवर थांबून तिच्याबद्दल अर्धा तास बोलतात. सूपरसिलिअसचा सगळा थंडपणा या ‘शिष्ट’मध्ये आहे. मात्र तो बोलीतलाच. लेखी भाषांतरात वाचणारा गोंधळेल. तिथे ‘तुच्छतेने बघणारा’, ‘कुत्सित’ असं काहीतरी प्रसंग बघून करावं लागतं. लेखी मराठीत ‘आढ्यताखोर’ही एक चांगला गडी आहे. आढ्य म्हणजे श्रीमंत, धनाढ्यमधला तोच. पैशाचं विशेषण गर्वाचं कसं झालं हे वेगळं सांगायला नको. अलीकडे तो शब्द कुणी वापरत नाही याचं मला वाईट वाटतं.

वापराचं थोडक्यात सांगतो, कारण पोरांना मार्क तिथे मिळतात. हे विशेषण माणसाला लागतं, पण त्याहून जास्त त्याच्या चेहऱ्याला आणि आवाजाला: सूपरसिलिअस स्माइल, लुक, टोन, मॅनर. ‘शी गेव्ह मी अ सूपरसिलिअस लुक’ हे वाक्य एकदम अस्सल. क्रियाविशेषण ‘सूपरसिलिअसली’, नाम ‘सूपरसिलिअसनेस’, दोन्ही जड आहेत, गरज पडली तरच. शब्द पुस्तकी आहे. चहाच्या टपरीवर इंग्रज माणूससुद्धा ‘स्नूटी’ किंवा ‘स्टक-अप’ म्हणेल. ‘प्राउड’ला चांगला अर्थही असतो, आई मुलाबद्दल प्राउड असते. याला चांगला अर्थ नाही, कधीच नव्हता. स्वतःबद्दलही तो कुणी वापरत नाही.

आणि हो, उंट. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना उंट दिसला की हे विशेषण आठवतंच. जत्रेत उंटाकडे नीट बघा: हनुवटी वर, पापण्या जड आणि अर्ध्या मिटलेल्या, ओठाला एक बारीक मुरड. पोरं शेपटीला लोंबकळतायत, मालक शिव्या देतोय, आणि हा सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघतोय. शब्दाचं चित्र हवं असेल तर याहून चांगलं मिळणार नाही. मांजर दुसऱ्या नंबरवर.

पुढच्या सोमवारी तो पैलवान पोरगा नवीन वाक्य घेऊन आला. इंग्रजीतच होतं, अर्थ असा: ‘आम्ही चुकीचं वाक्य वाचलं की आमचे सर काही बोलत नाहीत, फक्त चष्म्यावरून सूपरसिलिअस नजरेने बघतात.’

सगळा वर्ग माझ्या कपाळाकडे बघत होता. मी भुवया जागच्या जागी ठेवायचा फार प्रयत्न केला. व्याकरण बरोबर, शब्द बरोबर, जागा बरोबर. फक्त स्पेलिंगमध्ये ‘एल’नंतरचा ‘आय’ खाल्ला होता, तेवढा अर्धा मार्क कापला.